लोकप्रवाद आणि प्रचीती
(श्रीदत्तजयंती महोत्सवप्रसंगी माणिकनगर, हुमनाबाद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुरुगंगा आणि विरजा यांच्या संगमावरील या पुण्यभूमीत चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी प्रभूंचा प्रसाद समजतो. माझी विद्या अल्प आहे आणि वाणीला तपाचे बळ नाही. आपल्यापैकी ज्यांची मातृभाषा कन्नड आहे, त्यांनी माझ्या मराठीला सांभाळून घ्यावे, एवढी प्रारंभीच प्रार्थना करतो.

आजच्या बोलण्यासाठी मी एक साधाच विषय निवडला आहे. एखाद्या माणसाची खरी ओळख होण्यापूर्वीच केवळ कानावर आलेल्या गोष्टीवरून, किंवा त्याच्या बाह्य वेषावरून, आपण त्याच्याविषयी निर्णय देऊन मोकळे होतो. हा दोष आपल्या सर्वांच्या अंगी आहे. चोरी करणाऱ्याला आपण चोरी करतो हे ठाऊक असते. हा दोष मात्र असा विलक्षण आहे की, तो करीत असता आपण न्यायाचेच काम करीत आहोत असे मनुष्याला वाटत असते. म्हणून तो अधिक भयंकर.

आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाच्या साधनांची फार बारकाईने छाननी केली आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे नैयायिक मानतात. म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे शास्त्राला वर्ज्य नाही. परंतु कोणाच्या शब्दावर? तर आप्ताच्या. आपण व्यवहारात आप्त म्हणजे नातलग असे समजतो. शास्त्रातला आप्त निराळा. ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. या दोन अटी लावून पाहा. 'म्हणे' या शब्दाने सुरू होणाऱ्या किती वार्ता या कसोटीला उतरतील? सांगणाऱ्याने पाहिलेले नसते, ज्याच्याकडून त्याने ऐकले त्यानेही पाहिलेले नसते, आणि मुळाशी जावे तो कोणीच सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल, "आगीशिवाय धूर निघत नाही. काहीतरी असल्याशिवाय लोक बोलतील कशाला?" हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही, कारण त्यात सत्याचा एक अंश आहे. बहुतेक लोकप्रवादांत काहीतरी खरे असतेच. किंबहुना, निखळ खोट्याला पाय नसतात. त्याला चालण्यासाठी खऱ्याचे पाय उसने घ्यावे लागतात. ते कसे घेतले जातात, हे दाखविण्यासाठी मी आपणांस पुराणात नेत नाही. येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या बिदर शहरात नेतो.

बिदरला गेलेल्या प्रत्येकाने महमूद गवान याचा मदरसा पाहिला असेल. इ. स. १४७२ मध्ये बांधून झालेली ती विद्याशाळा आज भग्न आहे. एकच मीनार उभा आहे, आणि भिंतीवरच्या रंगीत कौलांचे काही तुकडे अजून उन्हात चमकतात. हा गवान इराणातील गिलान प्रांताचा. व्यापारासाठी दक्षिणेत आला आणि बहमनी राज्याचा मुख्य प्रधान झाला. त्याने राज्याच्या चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले, आणि बहुतेक किल्ले सुभेदारांच्या हातून काढून थेट सुलतानाच्या हुकमतीखाली आणले. ज्यांची सत्ता त्यामुळे आखडली, त्या सरदारांच्या डोळ्यांत तो सलू लागला.

१४८१ साली सुलतान तिसरा महंमदशहा आंध्रातील कोंडापल्लीच्या छावणीत होता. प्रधानाच्या विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाला हाताशी धरले आणि एका कोऱ्या कागदावर प्रधानाची मोहोर उठवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून मजकूर लिहिला की, आमच्या राज्यावर चालून या. ते पत्र सुलतानाच्या हाती पडेल अशी व्यवस्था झाली. सुलतान त्या वेळी मद्याच्या अमलाखाली होता, असे इतिहासकार सांगतात. त्याने सत्तरीच्या घरातल्या त्या वृद्ध प्रधानाला बोलावून पत्र दाखविले. गवानाने पाहिले आणि सांगितले की, मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही.

सज्जनहो, या उत्तरावर क्षणभर थांबावे. शिक्का खरा आणि पत्र खोटे! सुलतानाने शिक्का डोळ्यांनी पाहिला, तो ओळखला, आणि त्याची ओळख चुकली नव्हती. प्रत्यक्ष प्रमाण त्याच्या बाजूला होते. चुकले ते एवढेच की, शिक्का खरा म्हणून त्याखालचा मजकूरही खरा, असे त्याने धरून चालले. कागद कोणी आणला, कोणत्या वाटेने आला, तो नेणारा जासूद कोठे आहे, यांपैकी काही न विचारता त्याने वधाची आज्ञा दिली आणि तो उठून गेला. ५ एप्रिल १४८१ रोजी गवानाचे मस्तक धडावेगळे झाले.

एवढ्या मोठ्या प्रधानाकडे अपार धन दडवलेले असेल अशा समजुतीने नंतर त्याचा खजिना तपासण्यात आला. निघाले ते थोडेच. त्याच्या खजिनदाराने सांगितले की, आमच्या धन्याचे दोन हिशेब असत. एक राजाचा, ज्यातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च चाले, आणि दुसरा गरिबांचा. स्वतःचा निर्वाह तो आपल्या व्यापाराच्या उत्पन्नातून करी, मातीच्या भांड्यात शिजलेले अन्न खाई आणि चटईवर निजे. सुलतानाला पश्चात्ताप झाला. तो अतोनात झाला असेल, परंतु पश्चात्तापाने तुटलेले शिर जोडता येत नाही. पुढच्याच वर्षी सुलतान वारला, आणि पुढल्या दहा वर्षांच्या आत विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड हे त्या राज्याचे सुभे स्वतंत्र झाले. राज्य मोडण्याला कारणे अनेक होती, हे मी जाणतो. तरीही ज्या हाताने ते सांधून धरले होते, तो हात एका न तपासलेल्या कागदापायी गेला, हे विसरता येत नाही.

आता आपण आपल्या प्रभूंकडे वळू. आपण ज्यांच्या गादीपुढे बसलो आहोत, त्यांच्या चरित्रातही हीच कसोटी लोकांपुढे आली होती, आणि अनेक जण तीत घसरले होते.

श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली दत्तजयंतीच्या दिवशी लाडवंती येथे झाला. बालपण कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मामांच्या घरी गेले. शाळेच्या चार भिंतींत त्यांचे मन रमत नसे. रानावनांत आणि गोरगरिबांच्या मुलांत ते रमत. तेव्हा भोवतालच्या लोकांनी काय निर्णय दिला असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कामधंदा न करणारा पोर, एवढीच त्यांची ओळख! शिक्का खराच होता. मुलगा शाळेत जात नव्हता. परंतु त्यावरून वाचलेला मजकूर खोटा होता. पुढे घर सोडून अवधूत वृत्तीने संचार करून प्रभू या संगमावर स्थिरावले आणि येथे माणिकनगर वसले.

येथे प्रभूंचे वैभव कसे होते, ते आपण परंपरेने ऐकत आलो आहोत. गादी, छत्र, हत्ती, घोडे, भरजरी वस्त्रे, गवयांची आणि कलावंतांची दाटी, राजाचाच दरबार. आपल्या लोकांच्या मनात साधूचे एक ठरीव चित्र असते: अंगावर लंगोटी, हाती झोळी, निवासाला झाडाची सावली. त्या चित्राशी हे जुळेना. कोणी म्हणाले, हे कसले संन्यस्त जीवन? कोणी म्हणाले, हा भोग आहे, योग नव्हे. त्यांना दोष तरी कसा द्यावा? त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. हत्ती होता, छत्र होते, जरीचा अंगरखाही होता.

परंतु जे जवळ आले, राहिले आणि वागणूक न्याहाळीत गेले, त्यांना दुसरेच दिसले. येणारे द्रव्य एका दाराने येत होते आणि अन्नदानाच्या, वस्त्रदानाच्या, विद्वानांच्या आणि गुणिजनांच्या सत्काराच्या दारांनी बाहेर जात होते. भक्तांनी प्रेमाने अंगावर चढविलेला अलंकार याचकाला देताना त्या हाताला जड जात नव्हते. वैभव प्रभूंच्या भोवती होते, प्रभू वैभवात नव्हते. गवानाच्या खजिन्यात त्याच्या मृत्यूनंतर जे सापडले, ते प्रभूंच्या दरबारात रोज डोळ्यांसमोर घडत होते. फक्त त्यासाठी दारावरून परतता उपयोगाचे नव्हते. आत येऊन बसावे लागत होते.

अक्कलकोटचे श्रीस्वामी समर्थ हे अक्कलकोटास येण्यापूर्वी माणिकनगरी प्रभूंच्या सहवासात राहिले होते, अशी आपली परंपरा आहे. तो प्रसंग मनापुढे आणावा. एक दिगंबर, एक राजवेषात. एकाला वस्त्राची शुद्ध नाही, दुसऱ्याच्या मस्तकावर छत्र. वेषावरून पाहणाऱ्याने एकाला वेडा म्हटले असते आणि दुसऱ्याला विलासी; आणि दोन्ही वेळा तो फसला असता. त्या दोघांना मात्र एकमेकांची ओळख पटण्यास वेष आड आला नाही.

प्रभूंनी ज्या सकलमत संप्रदायाची स्थापना केली, त्याचा अर्थ आपण साधारणतः असा करतो की, सर्व मते एकाच परमात्म्याकडे जातात, म्हणून कोणाच्या मताची निंदा करू नये. हा अर्थ यथार्थच आहे. दत्तभक्तांनी प्रभूंना दत्तावतार मानले, लिंगायत बांधवांनी त्यांच्यात बसवेश्वर पाहिले, मुसलमान भाविकांनी महबूब सुभानी पाहिले. आणि मराठी, कन्नड, हिंदुस्थानी व संस्कृत अशा भाषांतून प्रभूंनी पदे रचली. परंतु मला त्यात आणखी एक शिकवण दिसते. दुसऱ्याचे मत त्याच्याच तोंडून, त्याच्याच भाषेत ऐकले पाहिजे. मुसलमान कसा असतो हे हिंदूने हिंदूलाच विचारावे, कानडी माणूस कसा असतो हे मराठी माणसाने मराठी माणसालाच विचारावे, ही आपली रीत. प्रभूंनी ती मोडली. त्यांनी त्या त्या माणसाला जवळ बसवून घेतले.

ही रीत किती प्राणघातक ठरू शकते, ते या प्रदेशाने अनुभवले आहे. १९४८ साली प्रथम रझाकारांनी गोर्ट्यासारख्या गावी निरपराध लोकांचे प्राण घेतले. आणि सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद या जिल्ह्यांत सूड उसळला, तेव्हा ज्यांचा रझाकारांशी काडीमात्र संबंध नव्हता, असे कितीतरी मुसलमान केवळ टोपी आणि दाढी पाहून मारले गेले. भारत सरकारने चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिचा अहवाल पुष्कळ वर्षे बंद राहून २०१३ साली लोकांना पाहता आला, आणि त्यातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे. जखमा उकरण्यासाठी मी हे सांगत नाही. दोन्ही वेळी मारणाऱ्याने समोरच्याचे नाव विचारले असेल, परंतु तो माणूस कोण हे विचारले नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

इतक्या मोठ्या गोष्टी ऐकल्या की मनुष्याला वाटते, हे राजांचे आणि दंगेखोरांचे पाप. आपला काय संबंध? म्हणून आता माझ्या घरातली एक लहानशी गोष्ट सांगतो. ती मला सुखाने सांगता येत नाही.

आमच्या गावी दरवर्षी देवाच्या समाराधनेसाठी घरोघरची ज्वारी गोळा करून एका कोठीत ठेवीत. कोठीची किल्ली एका गृहस्थाकडे असे आणि वही माझ्या वडिलांकडे. १९५८ नंतर सरकारने टप्प्याटप्प्याने किलोची वजने सुरू केली, त्या संधिकालातली ही गोष्ट. समाराधनेच्या आधी कोठीतले धान्य बाजारपेठेत नव्या वजनांवर मोजले, तो बाराशे किलोंत ऐंशी किलो कमी भरले. त्याच वर्षी कोठीवाल्या गृहस्थांच्या घरावर गवताऐवजी नवे पत्रे चढले होते. मग काय? पत्रे सर्वांनी पाहिले होते, तूटही सर्वांनी पाहिली होती. कोणीही उघड आरोप केला नाही. फक्त पारावर ते आले की बोलणे थांबू लागले. त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली गेली, आणि ती काढून घेण्याच्या बैठकीत माझे वडील गप्प बसले.

दुसऱ्या वर्षी किल्ली ज्यांच्याकडे दिली, त्यांच्या सचोटीविषयी कोणाला तिळमात्र शंका नव्हती. तरीही शेकड्याला साधारण सातच किलो तूट आली. तेव्हा वडिलांच्या मनात चर्र झाले. त्यांनी गावातला ऐंशी तोळ्यांचा जुना पक्का शेर घेतला आणि नव्या तराजूत टाकून पाहिला. तो किलोच्या बरोबरीचा नव्हता. नऊशे तेहतीस ग्रॅमच भरला. गावात मोजणी होत होती जुन्या शेरांनी, आणि नव्या छापील वहीत 'किलो'च्या रकान्यात शेरांचे आकडे लिहीत होते माझे वडील! कोठीतून दाणाही गेला नव्हता. तूट धान्यात नव्हतीच, ती वहीत होती. आणि पत्रे? लेकीच्या सासरी जुनी शेड मोडली, तिचे ते पत्रे व्याह्यांनी दिले होते. हे शेजारच्या घरालाही ठाऊक होते. परंतु कोणी विचारलेच नव्हते.

वडील त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि त्यांचे पाय धरू लागले. त्यांनी धरू दिले नाहीत. रागही केला नाही. एवढेच म्हणाले, "एकदा मलाच विचारायचं होतं, अण्णा." पुढे गावाने किल्ली परत देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही, आणि समाराधनेच्या पंगतीलाही ते पुन्हा कधी बसले नाहीत. वर्गणीची ज्वारी मात्र मरेपर्यंत दरवर्षी पाठवीत राहिले. वडील आपल्या उतारवयात हे सांगत, तेव्हा त्यांचा आवाज बसत असे. ते म्हणत, "आकडा चुकला, त्याची मला लाज नाही. आकडे चुकतात. मी गप्प बसलो, त्याची लाज आहे."

बंधुभगिनींनो, सुलतानाजवळ निदान एवढे तरी होते की त्याने आरोपीला समोर बोलावले. आम्ही तेवढेही केले नाही. परंतु सुलतानाचे विचारणेही खरे विचारणे नव्हते, कारण उत्तर ऐकण्यापूर्वीच निर्णय झाला होता. निर्णय करून विचारलेला प्रश्न म्हणजे आरोपाचेच दुसरे नाव होय. समोरच्याच्या उत्तराने माझे मत बदलू शकेल एवढी जागा मनात मोकळी ठेवून जो विचारतो, तोच खरा विचारतो.

याचा अर्थ कोणावरही कधी संशय घेऊच नये, असा नाही. संसारात सावधपणा हवा. हिशेब मागावा, किल्ली कोणाकडे आहे ते पाहावे. भोळेपणा म्हणजे साधुत्व नव्हे. परंतु सावध मनुष्य तपास करतो. प्रवादावर विसंबणारा तपास टाळतो, आणि तपासाचे श्रम वाचविल्याच्या समाधानाला 'मला माणसे बरोबर कळतात' असे नाव देतो. अंधारात दोरीला साप समजून दचकणे हा अपराध नाही. दिवा हाताशी असता तो न लावता काठी घालणे, हा अपराध आहे.

आणि आपण भक्तांनी हे विशेष जपले पाहिजे. मठाच्या आवारात वार्ता लवकर पसरते, कारण येथे सगळे एकमेकांवर विश्वास ठेवतात. अमका आरतीला येत नाही, तमक्याने नवे घर बांधले, अमकी बाई एकटीच का येते, असे दर्शनाच्या रांगेत उभे राहून आपण बोलतो, आणि ज्यांच्या दर्शनाला उभे असतो त्या प्रभूंनाही एके काळी लोक असेच नावे ठेवीत होते, हे आपल्या ध्यानात येत नाही. आज प्रभू एखाद्या अनोळखी वेषात या रांगेत आपल्या शेजारी उभे राहिले, तर आपण त्यांना ओळखू, की त्यांच्याविषयी बोलू?

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच की, या उत्सवातून परतताना आपल्यापैकी प्रत्येकाने एक माणूस आठवावा. ज्याच्याविषयी आपण काही ऐकले आहे, ज्याच्याशी त्यावरून बोलणे तोडले आहे, आणि ज्याला आपण त्याविषयी कधीच विचारलेले नाही, असा एक माणूस. तो बहुधा फार दूर नसतो. कधी शेजारच्या घरात, कधी भाऊबंदांत, कधी आपल्याच घरात असतो. त्याच्याकडे जावे, बसावे, आणि विचारावे. कदाचित ऐकलेले खरेही निघेल. तरी ते आपण जाणून मानू, ऐकून नव्हे. आणि जर ते खोटे निघाले, तर वेळीच गेलो याबद्दल आपण जन्मभर प्रभूंचे उपकार मानू. माझ्या वडिलांना जायला एक वर्ष उशीर झाला होता.

प्रभूंनी आम्हांला पाहण्याची दृष्टी द्यावी, ऐकण्याचे धैर्य द्यावे, आणि बोलण्यापूर्वी थांबण्याची बुद्धी द्यावी, अशी प्रार्थना करून मी माझी ही वाक्सेवा श्रीचरणी अर्पण करतो.